बांधावरील प्रार्थना कीटक : पिंजऱ्यातील मादीकडे रानातील नर कसा येतो?

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, मका व फळबागा उभ्या आहेत, तर कालव्याबाहेरच्या माळावर ज्वारी, बाजरी व गवताळ राने आहेत. या दोन्ही प्रकारच्या जमिनींच्या बांधांवर पावसाळा सरता सरता लांब मानेचा, हिरवा अथवा तपकिरी असा एक कीटक दृष्टीस पडतो. पुढचे दोन पाय हात जोडल्याप्रमाणे छातीशी धरून तो स्वस्थ बसतो, म्हणून त्यास प्रार्थना कीटक म्हणतात. वस्तुतः ते पाय म्हणजे भक्ष्य पकडण्याचे काटेरी अडकित्तेच होत.

इंदापूर तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने डाळिंबाच्या बागेत सापडलेली अशी एक मादी पिंजऱ्यात पाळली. पिल्ले तयार करून बागेत सोडावीत व फवारणीचा खर्च वाचवावा, असा त्यांचा विचार होता. मादीने दोन अंडपेट्या घातल्या. परंतु दोन महिने वाट पाहूनही एकही पिल्लू बाहेर आले नाही. "साहेब, अंडी तर घातली, मग बिघडले कुठे?" असे त्यांनी मला विचारले. चौकशी करता कळले, की मादी धरली तेव्हा तिचे पंख पुरे वाढलेले नव्हते. शेवटची कात तिने पिंजऱ्यातच टाकली होती. अर्थात नराशी तिची गाठ पडलीच नव्हती. बहुतेक जातींत अशी मादीही अंडपेटी घालते, पण ती वांझ निघते.

मग नर आणावा कोठून? तो शोधीत हिंडण्याची गरज नाही. योग्य व्यवस्था केल्यास तो आपण होऊन येतो.

नर व मादी यांची ओळख

मादीचे शरीर जाड व पोट रुंद असते. नर सडपातळ असून त्याचे पंख सामान्यतः पोटाच्या टोकापलीकडे जातात. त्याच्या मिशा अधिक लांब असतात, कारण गंध हुंगण्याचे काम त्याच करतात. पोटाची खालची बाजू पाहिली असता मादीत सहा व नरात आठ वलये मोजता येतात. अंड्यांनी जड झालेली मादी फारशी उडत नाही. नर मात्र रात्री चांगला उडतो; शेतावरच्या दिव्यापाशी येतात ते बहुधा नरच असतात.

गंधाचे निमंत्रण

शेवटची कात टाकल्यावर मादी लगेच मीलनास तयार होत नाही. त्यास जातीनुसार एक ते तीन आठवडे लागतात. तयार झालेली मादी पोट खाली वाकविते, त्यामुळे पंख व पोट यांच्यात फट पडते. या स्थितीत ती हवेत एक गंधद्रव्य सोडते. माणसास त्याचा वास येत नाही. नरास मात्र दुरूनही त्याचा माग लागतो व तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत मादीपर्यंत पोहोचतो. 2004 साली एका आफ्रिकी जातीच्या मादीच्या गंधातील घटकद्रव्ये प्रथमच ओळखली गेली.

पिंजरा कसा ठेवावा

1. पिंजरा बारीक तारेच्या जाळीचा असावा. काचेच्या बरणीतून गंध बाहेर जात नाही.
2. ज्या बांधावर अथवा कुंपणावर मादी सापडली, तेथेच झुडपाच्या उंचीवर पिंजरा टांगावा. दुसऱ्या जातीचा नर उपयोगाचा नाही.
3. वारा मोकळा लागेल व गंध बांधाच्या वा रानाच्या दिशेने वाहील, अशी जागा निवडावी.
4. वस्तीच्या व विहिरीवरच्या दिव्यापासून पिंजरा दूर असावा, कारण उजेडाकडे नर भलतीकडे वळतो.
5. पिंजऱ्याच्या दोरीस मुंगळे चढू नयेत म्हणून तेलात भिजविलेली चिंधी बांधावी.
6. पहाटे उजाडण्यापूर्वी पिंजरा पाहावा. आलेला नर जाळीच्या बाहेर चिकटून बसलेला आढळतो.

सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यातून मात्र कीटक धरू नयेत. तेथे तसे करण्यास कायद्याने बंदी आहे.

उपाशी मादीपासून धोका

नर दिसताच त्यास आत सोडण्याची घाई करू नये. मादीला आधी दोन दिवस नाकतोडे, माश्या व पतंग पोटभर द्यावेत. हे भक्ष्य फवारणी झालेल्या शेतातील नसावे. उपाशी मादी नरास जोडीदार न समजता भक्ष्य समजते. ऑस्ट्रेलियातील एका जातीवर झालेल्या व 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर असे आढळले, की अत्यंत उपाशी माद्यांकडेच सर्वाधिक नर आले, यद्यपि त्यांच्या पोटी अंडी सर्वांत कमी होती. म्हणून अधिक नर यावेत या लोभाने मादीला उपाशी ठेवणे म्हणजे नराचा बळी देणे होय. याच गंधाने अन्य जातीचेही नर फसतात. न्यूझीलंडमध्ये आफ्रिकेतून आलेल्या एका जातीच्या माद्यांकडे तेथील मूळ जातीचे नर आकृष्ट होतात व मारले जातात, असे 2013 साली दिसून आले.

मादी भक्ष्य खाण्यात गुंतलेली असताना नरास तिच्या मागील बाजूस हलकेच सोडावे. मीलन काही तास चालते. नर खाली उतरताच त्यास बाहेर काढून त्याच बांधावर सोडून द्यावे.

अंडपेटीची निगा

मादी काडीवर फेस सोडून त्यात अंडी घालते. तो फेस वाळून टणक व तपकिरी होतो. ती काडी तशीच ठेवावी, अंडपेटी खरवडून काढू नये. पेटीवर बारीक गोल छिद्रे दिसल्यास पोडॅग्रियन नावाच्या चिमुकल्या परोपजीवी माशीने आतील अंडी खाल्ली असे समजावे. पिल्ले एकदम बाहेर पडतात व भूक लागताच परस्परांस खाऊ लागतात. यास्तव ती त्याच दिवशी बांधावर विखरून सोडावीत.

शेतात याचा उपयोग किती?

त्या शेतकरी मित्रास जे सांगितले तेच येथे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. प्रार्थना कीटक पाळून फवारणीचा खर्च वाचेल, अशी आशा धरू नये. हा परभक्षी खरा, पण त्यास शत्रू-मित्र कळत नाही. तो अळी व नाकतोडा खातो, तशीच मधमाशी व ढालकिडाही खातो. डाळिंबाच्या फुलोऱ्यात व कांद्याच्या बीजोत्पादनात मधमाशी किती मोलाची, हे सर्वांस ठाऊक आहे. शिवाय पिल्ले एकमेकांस खात असल्याने त्यांची मोठ्या प्रमाणावर पैदास करणे परवडत नाही. बांधावर निसर्गतः आहेत तेवढे कीटक राखणे, हाच शहाणपणा होय. याकरिता बांध सरसकट पेटवू नयेत, उसाचे पाचट जाळू नये व बांधावर कीटकनाशक मारू नये.

तथापि त्या पिंजऱ्याने शिकविलेला धडा मोठा आहे. फ्रान्समधील कीटकशास्त्रज्ञ फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकात जाळीखाली ठेवलेल्या एका मादी पतंगाकडे एका रात्रीत सुमारे चाळीस नर आलेले पाहिले. 1959 साली जर्मनीत ब्यूटेनांट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचे गंधद्रव्य ओळखले. त्याच ज्ञानातून आजचे कामगंध सापळे निघाले. 2018 साली मक्यावर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीच्या पाहणीसाठी एकरी 5 सापळे लावण्याची शिफारस आहे. त्यातील गोळी म्हणजे पिंजऱ्यातील मादीच समजावी. ती एकाच जातीच्या नरास बोलाविते, म्हणून किडीनुसार योग्य गोळी घ्यावी व ती वेळेवर बदलावी. सापळ्यात नर सापडू लागले, की अंडी व अळ्या शोधण्यासाठी पीक तपासावे. उगाच फवारणी करू नये.

त्या शेतकऱ्यांनी पुढे दुसऱ्या मादीचा पिंजरा बांधावर टांगला. चौथ्या पहाटे जाळीवर नर बसलेला होता. त्या मादीची अंडपेटी त्यांनी बोरीच्या फांदीस बांधून ठेविली व मक्यात पाच कामगंध सापळे लावले. खर्च वाचला तो सापळ्यांमुळे. सापळा का चालतो, हे मात्र त्यांना त्या पिंजऱ्याने दाखविले. आपणही एक पिंजरा टांगून, मुलाबाळांसह पहाटे उठून हे अवश्य पाहावे.