गडद पार्श्वभूमीवरील देवनागरी मजकुराची वाचनीयता

नागपूर शहराच्या दक्षिणेस असलेल्या मिहान परिसरात दोन प्रकारचे वाचक परस्परांपासून थोड्याच अंतरावर आढळतात. माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांच्या वातानुकूलित दालनांत संकेतस्थळे रचणारा तंत्रज्ञ सौम्य प्रकाशात पडद्यावरील अक्षरे पाहतो. तर त्याच परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या रुग्णालयाकडे निघालेला रुग्णाचा नातेवाईक मे महिन्याच्या उन्हात उभा राहून मोबाइलवर एखादी सूचना वाचू पाहतो. पहिल्यास सुखद वाटणारी काळी पार्श्वभूमी दुसऱ्यास का नडते, ह्याचे उत्तर अंशतः प्रकाशशास्त्रात व अंशतः देवनागरी लिपीच्या घडणीत शोधावे लागते.

फिक्या अक्षरांची गडद रचना मुळात नवी नव्हे. आरंभीच्या संगणकांचे पडदे बहुधा काळेच असत. पुढे कागदाचे अनुकरण करणारी पांढरी पार्श्वभूमी रूढ झाली. आणि 2018 साली मॅक संगणकांच्या मोहावे प्रणालीत व 2019 साली आयओएस 13 आणि अँड्रॉइड 10 ह्यांत ‘डार्क मोड’ आल्यापासून काळ्या पडद्याला पुन्हा प्रतिष्ठा लाभली.

संकेतस्थळांच्या सुगमतेविषयीचे जे आंतरराष्ट्रीय निकष 2008 साली डब्ल्यूसीएजी 2.0 ह्या नावाने प्रसिद्ध झाले, त्यांच्या सर्वसाधारणपणे पाळल्या जाणाऱ्या पातळीनुसार सामान्य आकाराचे अक्षर व त्याची पार्श्वभूमी ह्यांच्या प्रकाशभेदाचे, म्हणजे कॉन्ट्रास्टचे, गुणोत्तर किमान 4.5 असावे लागते. हे गुणोत्तर काढण्यापूर्वी दोहोंच्या तेजस्वितेत एक ठरावीक संख्या मिळवतात. शुद्ध पांढऱ्याची तेजस्विता 100 मानल्यास ही संख्या 5 होते. पडद्यावरून परावर्तित होणाऱ्या आसपासच्या प्रकाशाचा तो अंदाज होय. आता काळ्या पार्श्वभूमीवर 20 तेजस्वितेचे करडे अक्षर घेतले, तर 25 भागिले 5, म्हणजे 5 हे गुणोत्तर येते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर 16 तेजस्वितेचे अक्षर घेतले, तर 105 भागिले 21, म्हणजे पुन्हा 5च. निकषाच्या दृष्टीने दोन्ही रचना सारख्याच उत्तीर्ण ठरतात. परंतु हाच पडदा उघड्यावर नेऊन परावर्तित प्रकाश 5 ऐवजी 50 धरावा. पहिले गुणोत्तर 70 भागिले 50, म्हणजे 1.4 पर्यंत घसरते. दुसरे 150 भागिले 66, म्हणजे सुमारे 2.3 राहते. दोन्ही निकषाखाली जातात हे खरे. मात्र पांढऱ्यावरील मजकूर कष्टाने का होईना वाचता येतो आणि काळ्यावरील जवळजवळ बुडून जातो. सूत्रातील 5 हा आकडा खोलीतला आहे, नागपूरच्या उन्हाळ्यातल्या दुपारचा नव्हे.

अक्षर पूर्ण शुभ्र करावे, हा उपाय सहज सुचतो. तसे केल्यास उन्हातही गुणोत्तर 3 राहते. परंतु छायेत व खोलीत दुसरीच अडचण उभी राहते. पडद्याचा बहुतांश भाग काळा असला, की डोळ्याची बाहुली विस्फारते, नेत्रभिंगाच्या कडेजवळील किरणही आत येतात आणि दृष्टिपटलावरील प्रतिमा किंचित पसरट होते. ड्युसेलडॉर्फ विद्यापीठातील पीपेनब्रोक, मायर व बुखनर ह्यांनी 2013 व 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तरुण व वृद्ध अशा दोन्ही गटांना फिक्या पार्श्वभूमीवरील गडद अक्षरे अधिक नीट वाचता आली. अक्षराचा आकार जितका लहान, तितका हा लाभ मोठा होता.

देवनागरीच्या बाबतीत हा शेवटचा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे, कारण तिच्यात अर्थभेद घडवणारे अवयव अक्षराहूनही पुष्कळ लहान असतात. घ आणि ध, म आणि भ ह्यांतील भेद बऱ्याच अंशी शिरोरेषेतील एका खंडावर टिकून आहे. काळ्यावरील शुभ्र रेषा डोळ्याला आहे त्याहून जाड भासते, त्यामुळे तो खंड बुजू लागतो. ‘धाव’चा ‘घाव’ व ‘भरती’चे ‘मरती’ होण्यास मग फारसा अवकाश उरत नाही. ‘सर्वांनी’ ह्या शब्दात रफार व अनुस्वार एकाच कान्यावर दाटीने बसतात आणि लहान आकारात त्यांचा एकच ठिपका होतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांतील भेदही असाच नाजूक. (औषधाच्या सूचनेत ‘मंद’ हा शब्द अनुस्वार गमावून बसला, तर काय होईल ते सांगावयास नको.) अक्षर फिके ठेवावे तर ते उन्हात बुडते, शुभ्र करावे तर छायेत फुगते, इकडे आड, तिकडे विहीर.

काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने पिढ्यानपिढ्या शिकल्या, हा आक्षेप येथे घेतला जाईल. फळ्यावरील अक्षर वीतभर असते व ओळी चारदोनच. विमानतळावरील काळ्या सूचनाफलकांचेही तसेच. दीर्घ मजकुराला तो न्याय लागू पडत नाही. खरा अपवाद वेगळाच आहे. गॉर्डन लेग व त्यांचे सहकारी ह्यांनी 1985 साली दाखवून दिले, की ज्यांच्या डोळ्यांतील पारदर्शक भाग मोतीबिंदूसारख्या कारणाने गढूळ झाला आहे, अशा क्षीणदृष्टी वाचकांना काळ्यावरील पांढरी अक्षरेच अधिक सुकर जातात. त्यामुळे गडद रचना सरसकट त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल. दीर्घ मराठी मजकुरासाठी फिकी पार्श्वभूमी मूळ धरावी व गडद रचनेची निवड वाचकाच्या हाती ठेवावी, हे श्रेयस्कर दिसते. ती निवड देतानाही केवळ रंगांची अदलाबदल पुरत नाही. किंचित मळकट पांढरे अक्षर, थोडा मोठा आकार, ओळींत अधिक अंतर आणि शिरोरेषेतील खंड रुंद असलेला टाइप इतके तरी हवे. आणि चाचणी एकदा दालनाबाहेर, उन्हात.