नवी बॅट, जुने कोपर

गुढीपाडव्याच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या गावोगावी दोन गोष्टी एकाच वेळी दिसू लागतात. कारखान्यांच्या पट्ट्यातून परतलेली ऊसतोड कुटुंबे आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानात सुरू झालेल्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा. वडवणी, धारूर, शिरूर, पाटोदा, कुठेही जा. एक सपाट तुकडा, चुन्याची रेघ, लाऊडस्पीकर आणि बक्षिसाचा फलक दिसतोच. हंगामाचा हिशेब झालेला असतो, चार पैसे हातात असतात. पोरे वर्गणी काढतात आणि नवी बॅट येते. शक्यतो गेल्या वर्षीपेक्षा जाड कडेची, शक्यतो जड.

दोन-तीन आठवडे जातात आणि आमच्या बाह्यरुग्ण विभागात कोपर चोळत येणाऱ्यांची संख्या वाढू लागते. वय पंचविशी ते चाळिशी. प्रश्न बहुतेक एकच असतो: "डॉक्टर, पाच महिने कोयता चालवला तेव्हा काही झालं नाही. चार दिवस बॅट फिरवली तर कोपर कसं काय धरलं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घेतले तर बॅटही ठेवता येते आणि कोपरही.

दुखते कोपर, बिघाड मनगटाच्या स्नायूत

या दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात. नाव टेनिसचे असले तरी हा आजार झालेल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने याचे वर्णन प्रथम केले, ते लिहिण्याचे काम करणाऱ्यांच्या संदर्भात.

मनगट वर उचलणारे आणि मूठ घट्ट धरताना त्याला स्थिर ठेवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या टोकाला चिकटलेले असतात. स्नायू हाडाला जोडणारी दोरी म्हणजे कंडरा. आपण कोणतीही वस्तू घट्ट धरतो तेव्हा या दोरीवर ताण येतो. रोजच्या ओळखीच्या ताणाला ती सरावलेली असते. अनोळखी ताण अचानक आणि पुन्हा पुन्हा आला की तिचे बारीक तंतू झिजू लागतात आणि दुरुस्ती झिजेच्या मागे पडते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. स्नायू नव्या कामाला काही आठवड्यांत सरावतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, तिला महिने लागतात. त्यामुळे दंडात जोर आल्यासारखे वाटते, फटके लांब जाऊ लागतात आणि नेमक्या त्याच वेळी कोपरातली दोरी मागे राहिलेली असते.

तराजूवरचे वजन आणि हातातले वजन

आता कोयत्याकडे आणि बॅटकडे पाहू. कोयता आखूड असतो, त्याचे वजन मुठीच्या जवळ असते. शिवाय तो हात त्याला वर्षानुवर्षे सरावलेला असतो. बॅट लांब असते आणि टेनिस चेंडूसाठी बनवलेल्या बॅटचा भरणा बहुधा खालच्या टोकाला असतो. वस्तू फिरवायला लागणारा जोर केवळ वजनावर ठरत नाही. ते वजन मुठीपासून किती दूर आहे यावर तो जास्त ठरतो. अंतर दुप्पट झाले की तेच वजन त्याच झपाट्याने फिरवायला चौपट जोर लागतो. म्हणून दुकानातल्या काट्यावर दोन बॅटी सारख्याच भरल्या तरी एक हातात हलकी लागते आणि दुसरी मनगट ओढते.

गोल्फमध्ये हे आणखी स्पष्ट दिसते. चेंडू सर्वांत लांब मारण्याच्या काठीला तिथे 'ड्रायव्हर' म्हणतात. तिचे एकूण वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या बॅटच्या पाव हिस्सा. पण ती सव्वा मीटरपेक्षा थोडीच कमी लांब असते आणि वजनाचा मोठा भाग टोकाशी असतो. हौशी गोल्फपटू नवा ड्रायव्हर घेतात तेव्हा पहिले काही दिवस चेंडू लांब गेल्याचा आनंद असतो, मग सवयीचा झोका आणि नवी काठी यांचे जुळेना होते आणि काहींचे कोपर बोलू लागते. खेळ श्रीमंतांचा असो की पडीक रानातला, कोपराची रचना एकच.

क्रिकेटच्या नियमांत ऑक्टोबर २०१७ पासून बॅटची कड ४ सेंटिमीटर आणि जाडी ६.७ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. वजनावर मात्र कोणतीही मर्यादा नाही. गावच्या स्पर्धेत तर कड मोजायलाही कोणी नसते. जबाबदारी राहते ती बॅट धरणाऱ्याची.

जड बॅटने चेंडू लांब जातो का?

अर्धे खरे आहे. जड बॅट चेंडूला जास्त रेटते, पण ती फिरवण्याचा वेग कमी होतो. नफ्यातला बराचसा भाग तोट्यात जातो. चेंडू बॅटच्या नेमक्या कोणत्या जागी लागला, याने त्याहून मोठा फरक पडतो. जागा चुकली की फटका मरतोच, शिवाय बॅट थरथरते आणि ती थरथर दांड्यातून हातात, हातातून कोपरात पोहोचते. जड बॅट वेळेवर खाली येत नाही, म्हणून जागा अधिक वेळा चुकते. म्हणजे लांब मारण्यासाठी घेतलेली बॅट फटकाही बिघडवते आणि कोपरही.

मग पहिल्या आठवड्यात ती इतकी भारी का वाटते? याचे उत्तर निम्मे हातात आणि निम्मे डोक्यात आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४१ विद्यार्थ्यांना गोल्फचा चेंडू छिद्रात ढकलायला सांगितले. काठी सर्वांना एकच. निम्म्यांना मात्र सांगितले, की ही एका नामवंत व्यावसायिक खेळाडूची काठी आहे. ज्यांना हे सांगितले त्यांना छिद्र मोठे भासले आणि दहा प्रयत्नांत सरासरी सुमारे दीड चेंडू त्यांनी जास्त घातला. आपल्याकडे साध्या बॅटवर एमआरएफचा स्टिकर लावून पोरे उगीच खेळत नव्हती! नव्या वस्तूने विश्वास वाढतो आणि त्याचा फायदा खेळात होतो, हे खरेच आहे. फक्त हा विश्वास कंडरेपर्यंत पोहोचत नाही.

सचिनचे कोपर

जड बॅटचा विषय निघाला की सचिन तेंडुलकरचे उदाहरण येतेच. 'तो नाही का जड बॅटने खेळला?' खेळला. पण त्या बॅटची त्याला लहानपणापासून सवय होती. आणि तरीही २००४ मध्ये त्याच्या डाव्या कोपराला टेनिस एल्बो झाला, काही सामने हुकले आणि २००५ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच्यामागे फिजिओ होते, उत्तम शल्यचिकित्सक होते, विश्रांतीसाठी वेळ होता.

डावेच कोपर का, हेही पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात दांड्यावर वर असतो आणि बॅटला दिशा तोच देतो. ताण त्याच्यावर येतो. आता ऊसतोडीचा विचार करा. उजव्या हातात कोयता, पण ऊस धरतो डावा हात. मोळी बांधताना, डोक्यावर घेताना आणि गाडीत भरताना तर दोन्ही हात लागतात. पाच-सहा महिने राबून थकलेला हात घरी येतो आणि त्याला विसावा मिळण्याऐवजी अनोळखी जड बॅट मिळते. कोयत्याने कोपराला काही झाले नाही असे नव्हे. कोयत्याने त्याला कडेपर्यंत आणून ठेवलेले असते. बॅट शेवटचा धक्का देते.

इथे पणाला काय लागते

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाची उचल त्या जोडीच्या नावावर असते. एकाचे कोपर गेले तर जोडीचे टनेज घसरते, दुसऱ्यावर दुप्पट भार पडतो आणि उचल फिटत नाही. तांब्या उचलताना हातातून सुटणे ही शहरातल्या माणसाची गैरसोय असेल. इथे तो पुढच्या वर्षीचा कर्जाचा आकडा असतो. म्हणून 'हौस आहे, खेळताना थोडे दुखायचेच' असे मी म्हणू शकत नाही. खेळू नका, असेही म्हणणार नाही. पाच महिने फडात काढलेल्या माणसाला आठवडाभराचा खेळ हवाच.

बॅट बदलताना

निवड करताना साधी परीक्षा घ्या. बॅट फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्या फलंदाजाने डाव्या हाताने, धरून सरळ फटक्याची क्रिया सावकाश दहा वेळा करा. मनगट डगमगले किंवा बॅट वाकडी खाली आली तर ती तुमच्यासाठी जड आहे, मग कंपनी कोणतीही असो. दांडा इतका जाड किंवा गुळगुळीत नको की मूठ आवळूनच धरावी लागेल. मुलांना मोठ्यांची बॅट देऊ नका.

इंग्लिश विलोची नवी बॅट आपण कशी मुरवतो? जवसाचे तेल लावतो, लाकडी हातोडीने तासन् तास ठोकतो, आधी जुन्या चेंडूवर खेळतो. हाताचीही तशीच तयारी हवी. पहिले दोन आठवडे जुनी आणि नवी बॅट आलटून पालटून वापरा. नव्या बॅटने सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटेच खेळा, मग हळूहळू वाढवा. नवी बॅट, जड चेंडू आणि सलग तीन दिवसांची स्पर्धा या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात नकोत.

दुखू लागल्यावर

तळवा खाली ठेवून भरलेला तांब्या उचलताना, ओले कापड पिळताना किंवा हात मिळवताना कोपराच्या बाहेरच्या टोकाशी कळ येत असेल तर टेनिस एल्बोची शक्यता मोठी. बहुतेक वेळा एक्स-रे किंवा एमआरआयची गरज नसते.

हात गळ्यात बांधून बसू नका. दुखवणारे काम कमी करा, हलके काम चालू ठेवा. हात टेबलावर ठेवा, मनगट कडेबाहेर, तळवा खाली. अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली धरा. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्या आणि मदत सोडून सावकाश, पाच मोजत खाली आणा. दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. किंचित दुखले तर चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त दुखले तर बाटलीतले पाणी कमी करा. हा व्यायाम आठवडाभराचा नाही, निदान तीन महिन्यांचा आहे.

'एक इंजेक्शन मारा आणि मोकळे करा' ही मागणी रोज होते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर मिळतो, यात शंका नाही. ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनंतर इंजेक्शनवाले सर्वांत पुढे होते. पण त्यातल्या बरे वाटलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचे दुखणे नंतर उलटले. वर्षअखेर व्यायाम केलेले त्यांच्यापेक्षा बरे होते. इंजेक्शनने कळ थांबते, माणूस पुन्हा पूर्ण जोराने हात वापरतो आणि न भरलेली दोरी पुन्हा उसवते.

वेदनाशामक गोळ्यांबाबतही सावध राहा. उन्हात, पाणी कमी पिऊन राबणाऱ्या माणसाने अशा गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मधुमेह आणि धूम्रपान असेल तर कंडरा भरायला आणखी वेळ लागतो. तिशीनंतर दुखणे लांबले तर साखर तपासून घ्या. बोटांना मुंग्या येणे, पकड अचानक जाणे, सूज, ताप, कोपर सरळ न होणे किंवा मानेतून हातात उतरणारी कळ असेल तर हा टेनिस एल्बो नाही असे समजून डॉक्टरांकडे या.

शेवटी कॅलेंडर पाहू. बहुतेकांचा टेनिस एल्बो वर्षभरात बरा होतो, नीट व्यायाम केला तर त्याआधीही. मे महिन्यात दुखू लागले आणि तेव्हाच व्यायाम सुरू केला तर टोळ्या निघायच्या वेळेपर्यंत पाच महिने हातात असतात. कंडरेला एवढा काळ बहुतेकदा पुरतो. तेच दुखणे गोळ्या खाऊन पोळ्यापर्यंत ओढले तर उरतात जेमतेम दोन महिने. उचल घेण्याआधी, मुकादमाला होकार देण्याआधी, भरलेला तांब्या तळवा खाली ठेवून एकदा उचलून पाहा.