सुरक्षा परिषदेच्या दारात आफ्रिका

कंपनीची नियमावली बदलायची तर विशेष ठराव लागतो, हे वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. तीन-चतुर्थांश मते मिळाली की ठराव संमत होतो आणि विरोधकांनाही तो मानावा लागतो. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद बदलणे इतके सोपे नाही. सनदेच्या १०८ व्या कलमाप्रमाणे आमसभेत दोन-तृतीयांश सभासदांची मते हवीत. आज सभासद १९३ आहेत, म्हणजे १२९ मते झाली. एवढ्यावर भागत नाही. पुढे दोन-तृतीयांश राष्ट्रांनी तो बदल आपापल्या देशात विधिवत मान्य करावा लागतो आणि त्यांत अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स व चीन ही पाचही स्थायी राष्ट्रे असावीच लागतात. आफ्रिकेची मागणी ज्या दाराशी अडून राहिली आहे, त्या दाराचे कुलूप हे असे आहे.

ही मागणी आली कोठून? १९४५ साली राष्ट्रसंघ स्थापन झाला, तेव्हा ५१ संस्थापक राष्ट्रांत आफ्रिकेतील फक्त चार होती : इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सत्तेखालील दक्षिण आफ्रिका. उरलेला बहुतेक खंड युरोपीय सत्तांच्या अमलाखाली होता. सुरक्षा परिषदेच्या अकरा जागा वाटल्या गेल्या, त्या वेळी वाटणीच्या पंक्तीत आफ्रिकेला पानच मांडलेले नव्हते.

पुढे एकट्या १९६० साली आफ्रिकेतील सोळा राष्ट्रे राष्ट्रसंघात आली. आशिया-आफ्रिकेच्या या नव्या बळावर १९६३ साली आमसभेने परिषद अकरावरून पंधरावर नेण्याचा ठराव केला. मतदानाच्या वेळी फ्रान्स व सोव्हिएत रशिया विरोधात होते. अमेरिका व ब्रिटन तटस्थ राहिले. तरीही १९६५ पर्यंत पाचही राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. परिषदेच्या रचनेत आजवर झालेला बदल एवढा एकच. आफ्रिकेला त्यातून तीन जागा मिळाल्या, पण त्या दोन-दोन वर्षांच्या मुदतीच्या. आज राष्ट्रसंघाच्या सभासदांत आफ्रिकेची ५४ राष्ट्रे आहेत, म्हणजे चौथ्या हिश्शाहून अधिक. स्थायी जागा मात्र एकही नाही. सोमालिया, सुदान, काँगो यांचे प्रश्न वर्षानुवर्षे याच परिषदेपुढे येत आले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या तक्रारीचे वजन कळते.

२००५ साली आफ्रिकी संघाने आपली मागणी नेमक्या शब्दांत मांडली. त्या वेळच्या स्वाझीलँडमधील, म्हणजे आताच्या एस्वातिनीमधील, इझुल्विनी या खोऱ्याच्या नावाने ती ओळखली जाते. आफ्रिकेला नकाराधिकारासह निदान दोन स्थायी जागा द्याव्यात, अस्थायी जागा पाच असाव्यात आणि त्या जागांवर कोणी बसावे हे आफ्रिकी संघाने ठरवावे, अशी ही मागणी आहे. नकाराधिकार मुळात नसावा हेच आफ्रिकेचे मत आहे. परंतु तो असेल तोवर सर्व स्थायी सभासदांना सारखाच असावा, असे तिचे म्हणणे आहे.

येथे भारताचा संबंध येतो. त्याच वर्षी भारत, ब्राझील, जर्मनी व जपान या चौघांनी पंचवीस जणांच्या परिषदेचा मसुदा मांडला. त्यांत सहा नव्या स्थायी जागा होत्या, पैकी दोन आफ्रिकेला. पण नव्या सभासदांच्या नकाराधिकाराचा प्रश्न पंधरा वर्षे लांबणीवर टाकलेला होता. आफ्रिकेची मते जोडली गेली तर मसुदा तरेल, हे चौघांनाही कळत होते. हिशेब साधा आहे. आजच्या संख्येने पाहिले तर आफ्रिका वगळता १३९ राष्ट्रे उरतात. त्यांतली अकरा जरी बाजूला झाली, तरी १२९ चा आकडा गाठता येत नाही. जुलैमध्ये लंडनला उभय पक्षांची बोलणी झाली. ऑगस्टमध्ये अदिस अबाबा येथे भरलेल्या आफ्रिकी शिखर बैठकीने मात्र तडजोड नाकारली. परिणामी एकाही मसुद्यावर मतदान झाले नाही.

मग आफ्रिकेची चूक झाली काय? माझ्या मते या हट्टामागे एक अडचण दडलेली आहे. दोन जागा कोणाला, हे आफ्रिकेने अजून ठरविलेले नाही. नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, इजिप्त अशी नावे पुढे येतात; पण एक नाव उच्चारले की दुसरा रुसतो. नाव न घेतल्यामुळेच एकी टिकली आहे आणि एकी हेच आफ्रिकेचे भांडवल आहे. मात्र जे भांडवल खर्चच करावयाचे नाही, त्यावर नफा तरी कसा मिळावा?

केवळ जागा मिळून भागत नाही, हेही २०११ साली दिसले. लिबियाविरुद्ध बळाचा वापर करण्यास मुभा देणाऱ्या ठरावाला परिषदेतील तिन्ही आफ्रिकी सभासदांनी अनुकूल मत दिले आणि खुद्द आफ्रिकी संघाचे मध्यस्थीचे प्रयत्न बाजूला पडले. आसनावर बसणारा स्वतःसाठी बोलणार की खंडासाठी, हा प्रश्न म्हणूनच आसनाइतकाच महत्त्वाचा आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने आफ्रिकेला दोन स्थायी जागा देण्यास पाठिंबा जाहीर केला, परंतु नकाराधिकाराशिवाय. त्याच महिन्यात आमसभेने स्वीकारलेल्या करारनाम्यात आफ्रिकेवरील ऐतिहासिक अन्याय दूर करण्याला अग्रक्रम देण्यात आला. शब्द मिळाला, जागा अजून मिळावयाची आहे. मताचा हक्क नसलेले भाग घ्यावेत की पूर्ण हक्काच्या भागांसाठी थांबावे, असा हा पेच आहे. आपला देशही त्याच दाराशी उभा असल्याने आफ्रिकेच्या उत्तराकडे आपण परक्याच्या भांडणासारखे पाहू नये. १९६३ साली ते दार आशिया आणि आफ्रिकेने मिळून ढकलले, तेव्हाच ते उघडले होते.