नोंद क्रमांक तुमचा, अनुक्रमांक यादीचा



गळीत हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसच्या ओट्यावर एकच प्रश्न असतो, "साहेब, माझा नंबर कितवा?" गेल्या हंगामात अहमदपूर भागातल्या एका सभासदानं मात्र जरा वेगळं विचारलं. "सोमवारी यादीत माझा नंबर 112 होता. गुरुवारी 119 झाला. तीन दिवसांत माझ्या पुढं सात जण कुणी घातले, तेवढं सांगा."

प्रश्न रास्त होता. आवाज चढलेला होता, तोही रास्तच. ऊस उभा असताना पाळी मागं गेली तर माणसाच्या पोटात गोळा येतो. 2021-22 चा हंगाम कोण विसरेल? मराठवाड्यात ऊस एवढा झाला की गाळप जूनपर्यंत चाललं. 1 मेनंतर गाळलेल्या उसाला शासनानं टनाला 200 रुपये घट अनुदान जाहीर केलं, पण वाळलेल्या उसाचं वजन कुठल्या अनुदानानं भरून येतं? तेव्हापासून नंबर म्हटलं की लोकांचे कान टवकारतात.

त्या दिवशी मी त्यांना धड उत्तर देऊ शकलो नाही. शेतकीची पदविका घेतली तेव्हा आम्हाला बेणेप्रक्रिया शिकवली, हुमणी शिकवली, संगणक कुणी शिकवला नव्हता. मग आपल्या संगणक विभागातल्या मुलाजवळ दोन संध्याकाळी बसलो. जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट. तुमच्या लागवडीची नोंद संगणकात एका कोष्टकात जाते. एक प्लॉट, एक ओळ. त्या ओळीत सभासद कोड, गाव, गट नंबर, जात, क्षेत्र, लागण तारीख. आपल्याला वाटतं, वहीत जशा ओळी एकाखाली एक असतात तशाच तिथंही असतील. तसं नसतं. ही कोष्टकाची पद्धत एडगर कॉड नावाच्या गणितज्ञानं 1970 साली आयबीएम कंपनीत असताना मांडली, आणि तिचं मूळच असं की ओळींना स्वतःचा क्रम नाही. गाडीतून खाली पडलेल्या मोळ्यांचा ढीग समजा. ढिगात पहिली मोळी कोणती? कुणी रचेपर्यंत कोणतीच नाही.

दुसरी गोष्ट. गट ऑफिसच्या संगणकावर दिसते ती यादी म्हणजे ते कोष्टक नव्हे. तिला ते लोक 'व्ह्यू' म्हणतात. व्ह्यू म्हणजे यादी मागण्याची लिहून ठेवलेली चिठ्ठी. "अमुक गटातले, पाहणी झालेले प्लॉट दाखव" एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. आपण ती उघडली की संगणक त्या क्षणी ढिगाकडं जातो, प्लॉट उचलतो आणि यादी नव्यानं मांडतो. काल उघडली ती कालची यादी, आज उघडली ती आजची.

आता त्या यादीला 1, 2, 3 असे नंबर द्यायचे. काम दिसतं सोपं, पण गोम इथंच आहे. नंबर ढिगातल्या मोळीवर लिहिलेला नसतो. आधी रांग लावायची आणि मग मोजायचं. पूर्वी ही सोय सगळीकडं सारखी नव्हती, जो तो आपापली युक्ती करायचा. 2003 च्या प्रमाण आवृत्तीत 'रो नंबर' नावाची रीत आली. तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: मोजणी कुठं नव्यानं सुरू करायची आणि रांग कशावर लावायची. आपल्याकडं मोजणी प्रत्येक गटाला 1 पासून सुरू होते आणि त्यातही हंगामवार वेगळी. आडसालीची वेगळी, पूर्वहंगामीची वेगळी, सुरूची वेगळी, खोडव्याची वेगळी. रांग लागते ती लागण तारखेवर आणि खोडवा असेल तर आधीचा ऊस तुटला त्या तारखेवर.

आमची पहिली यादी निघाली ती उलटी. नंबर आधी पडले आणि रांग नंतर लागली. कागदावर वरून खाली 3, 41, 7, 19 असे आकडे. चिटबॉयनं नंबर बघून चिठ्ठ्या फाडल्या आणि सप्टेंबरची लागण ऑगस्टच्या आधी टोळीला दाखवली. दोन दिवसांत लक्षात आलं म्हणून निभावलं. चूक माझी होती, कागद मीच सही करून पाठवला होता. त्यापूर्वी वरून खाली एकदा नजर टाकली असती तरी पुरे होतं.

आता त्या सात जणांचं. त्याच गटातल्या एका गावाची प्लॉट पाहणी पावसानं मागं राहिली होती. पाहणी न झालेले प्लॉट व्ह्यूत येत नाहीत. बुधवारी पाहणीचे कागद भरले गेले आणि ते सात प्लॉट यादीत आले. त्यांची लागण त्या सभासदाच्या आधीची, म्हणून ते पुढं बसले आणि हे सातानं मागं सरकले. कुणी घुसवलं नव्हतं. पण हे त्यांना सोमवारीच कोण सांगणार होतं? आम्हीच सांगायला पाहिजे होतं, की बाबा, अजून एका गावाची पाहणी यायची आहे, हा नंबर पक्का धरू नका.

दुसरं भांडण दोघा भावांचं. बांधाला बांध, एका विहिरीवर, एकाच दिवशी लागण, जातही दोघांची को 86032. एका यादीत थोरला 56 आणि धाकटा 57, दुसऱ्या यादीत उलट. धाकट्याला वाटलं थोरल्यानं गटप्रमुखाला चहा पाजला. खरं कारण असं, की तारखा सारख्या असल्या तर कुणाला आधी बसवायचं हे आपण संगणकाला सांगितलंच नव्हतं. न सांगितलेल्या ठिकाणी तो हाताला येईल ती मोळी आधी उचलतो, आज ही, उद्या ती. आता रांगेच्या नियमात पुढचं घातलं आहे: लागण तारीख सारखी असेल तर नोंदीची तारीख बघायची आणि तीही सारखी असेल तर नोंद क्रमांक बघायचा. नोंद क्रमांक दोघांचा कधी एक नसतो, त्यामुळं तिथं वाद मिटतो.

गावच्या यादीचाही एक घोटाळा सांगतो, कारण तो चावडीवर हमखास होतो. एकाच्या हातात गटाच्या यादीतून काढलेला आपल्या गावाचा कागद असतो. त्यावर 4, 17, 52 असे तुटक नंबर दिसतात. दुसऱ्याकडं फक्त गावापुरती मोजणी केलेली यादी असते, तिथं तेच तिघे 1, 2, 3. माणूस तोच, ऊस तोच, एकीकडं 52 वा आणि दुसरीकडं तिसरा! गाव आधी निवडून मग मोजलं की आकडे सलग येतात, मोजून मग गाव निवडलं की तुटक येतात. टोळी गटाच्या क्रमानं फिरते, म्हणून पाळीसाठी तुटक नंबरच खरा. गावापुरती सलग यादी यंदापासून आम्ही देणारच नाही.

आणि नोंद क्रमांकात मधेच नंबर गायब दिसला तर शंका घेऊ नका. कुणी ऊस बेण्याला दिला, कुणी गुऱ्हाळाला घातला, नोंद रद्द झाली की तो क्रमांक रिकामा राहतो. दुसऱ्याला तो देत नाहीत. फेरफाराच्या वहीत रद्द झालेला नंबर जसा पुन्हा वापरत नाहीत, तसंच हे. अनुक्रमांक मात्र दर वेळी सलग येतो, कारण तो मोजलेला असतो, दिलेला नसतो. तक्रार अर्जावर काही जण "माझा नंबर 112" एवढंच लिहितात. कुठल्या दिवसाचा 112? अर्जावर नोंद क्रमांक लिहा, तो पावतीवर वरच्या कोपऱ्यात आहे.

मग सरकणाऱ्या यादीवर तोडणी चालवायची कशी? चालवायची नाही, असं आता ठरलं आहे. पाहणी पूर्ण झाली की व्ह्यू एकदा उघडून ती यादी तारखेसह कायम करून ठेवायची, छापायची आणि तिच्यावरच चिठ्ठ्या फाडायच्या. त्यानंतर नवी पाहणी आली तर ती पुरवणी यादीत जाईल, मूळ नंबर हलणार नाहीत. अपवाद फक्त जळीत उसाचा. तो पुढं घ्यावाच लागतो आणि तो कुणाचा, का घेतला हे त्याच कागदाखाली लिहून लावू. जातीच्या पक्वतेचा प्रश्न उरतो. कोसी 671 लवकर तयार होते, को 86032 ला तिच्यापेक्षा वेळ लागतो, मग नुसत्या लागण तारखेवर रांग कितपत बरोबर? माझं मत असं की बरोबर नाही. पण तो नियम बदलणं संचालक मंडळाच्या हातात आहे, संगणकाच्या नाही.

कच्ची यादी दसऱ्यानंतर प्रत्येक गट ऑफिसला लागेल, वर तारीख आणि वेळ छापलेली. लागण तारीख, जात, क्षेत्र यात चूक दिसली तर आठ दिवसांच्या आत नोंद पावती आणि सात-बारा घेऊन गटप्रमुखाला भेटा. यादी कायम झाल्यावर लागण तारीख दुरुस्त होणार नाही. लोहा-कंधारकडच्या ज्या प्लॉटची पाहणी राहिली आहे, त्या सभासदांनी चिटबॉयची वाट न बघता स्वतः निरोप द्यावा, म्हणजे पुरवणी यादीत जायची वेळ येणार नाही.