चौकट : युद्धाचा भार आणि नागपूरची गादी

१८०३, मुलूख गेला. अडगाव आणि गाविलगडला इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावचा तह केला. कटक इंग्रजांकडे गेले, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे. नदीच्या पूर्वेचे भांदक, म्हणजे आजचे भद्रावती, भोसल्यांकडेच राहिले. पण सरहद्द जवळ आली.

रयतेवरचा बोजा. उत्पन्न घटले, तरी फौजेचा आणि दरबाराचा खर्च राहिला. उरलेल्या परगण्यांवर सारा व पट्ट्या वाढल्या. त्यातच पेंढाऱ्यांच्या धाडी; बचावासाठी गावांनी गढ्या बांधल्या.

१८१७-१८, सत्ता गेली. २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले इंग्रजांशी हरले. मे १८१८ मध्ये चांद्याचा किल्ला पडला. अप्पासाहेब पदच्युत झाले; त्यांच्या जागी तिसरे रघूजी गादीवर आले.

१८५४, राज्य खालसा. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस पुत्राविना वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नाकारून राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात सामील केले.

मग गादी युद्धाच्या भाराने गेली का? ती इंग्रजी फौजेने पाडली, हा आक्षेप खरा. तंगीने एकटीने राज्य बुडवले नाही; मात्र १८०३ नंतर आटलेला खजिना आणि पिचलेली रयत यांमुळे दुसरे युद्ध पेलण्याची ताकद राहिली नव्हती.

रशियाशी फरक. तिथल्या गादीवरही युद्धाचा भार होता. मार्च १९१७ मध्ये पेट्रोग्राडला पावाची टंचाई आणि संप यांतून उठाव झाला, सैनिकही लोकांना मिळाले. १५ मार्चला झार दुसऱ्या निकोलसने गादी सोडली. तिथे राजाला प्रजेने उतरवले, नागपुरात परकी सत्तेने.