प्लेटमध्ये जमलेली जोडी

तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची प्लेट. आठ ओळी, बारा रकाने, ९६ खळगे. एका अँटिबायोटिकची मात्रा आडवी निम्मी-निम्मी होत जाते, दुसऱ्याची उभी. जिवाणू सगळीकडे सारखेच. रात्रभर ३५ अंशांवर ठेवून सकाळी प्लेट उजेडात धरली की गढूळ खळग्यांत जिवाणू वाढलेले असतात, नितळ खळग्यांत वाढ थांबलेली. एकेकट्याने लागणाऱ्या मात्रेच्या चौथाईवरच दोन्ही औषधांचे मिळून भागले, तर पाव अधिक पाव म्हणजे अर्धा. बेरीज अर्ध्यावर किंवा त्याखाली आली, तरच ही औषधे एकमेकांना बळ देतात असे मानतात. अट कडक आहे, कारण एखाद्या खळग्याचा फरक या चाचणीत सहज पडतो. तरीही या आकड्यावर आपण भलताच भार टाकतो असे मला वाटते. जिवाणू मेले की नुसते दबले, हे नितळ खळगा सांगत नाही. आणि रुग्णाच्या रक्तात औषधाची मात्रा तासातासाला चढते-उतरते.

कोलिस्टिन आणि मेरोपेनेम या अँटिबायोटिकांचेच बघा. औषधांना न जुमानणाऱ्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूवर ही जोडी प्रयोगशाळेत वारंवार सरस ठरली होती. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. बहुतेकांना याच जिवाणूचा संसर्ग होता. एकट्या कोलिस्टिनवर ७९ टक्के रुग्णांचे उपचार फसले, जोडीवर ७३ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. यावर कुणी म्हणेल, क्षयरोग तर जोडऔषधांनीच आटोक्यात आला. खरे आहे, पण तिथे प्रत्येक औषध स्वतंत्रपणे लागू पडत होते आणि दोन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जिवाणू अतिशय दुर्मीळ होता. इथे मेरोपेनेम आधीच निकामी झालेले असते. रुग्ण अत्यवस्थ असताना आणखी एक औषध दिले तर बिघडले कुठे, हा प्रश्न अतिदक्षता विभागात डॉक्टरांना रोज पडतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत दोन औषधे देणे समजण्यासारखेही आहे. पण रिपोर्ट आल्यावरही दोन्ही चालू ठेवली तर बिघडते: आतड्यातल्या इतर जिवाणूंनाही त्या जादा औषधाला पुरून उरायची तालीम मिळते. काही जोड्यांतली औषधे तर एकमेकांचे पाय ओढतात. वाढत्या जिवाणूलाच मारणारे पेनिसिलिन आणि वाढच थांबवणारे क्लोरटेट्रासायक्लिन न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात एकत्र दिल्यावर मृत्यू वाढल्याचे १९५१ मध्येच दिसले होते.

म्हणून जोडी तपासायची ती जिवाणू निसटतो कसा हे ओळखून. एनडीएम हे विकर मेरोपेनेम तोडते, अ‍ॅझट्रिओनाम हे अँटिबायोटिक मात्र त्याला तोडता येत नाही. अडचण अशी की त्याच जिवाणूकडे बहुधा अ‍ॅझट्रिओनाम तोडणारी दुसरी विकरे असतात. त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम हे औषध रोखते, आणि अ‍ॅझट्रिओनामला वाट मोकळी होते. याची चाचणी साधी आहे: पोषक द्रवाच्या नळीत एक चकती अ‍ॅझट्रिओनामची, एक सेफ्टाझिडीम-अ‍ॅव्हिबॅक्टम या जोडऔषधाची, मग जिवाणू. सकाळी नळी नितळ राहिली, तर का राहिली हे सांगता येते. मात्र भारतातल्या एनडीएमवाल्या अनेक ई. कोलायमध्ये अ‍ॅझट्रिओनाम जिथे चिकटते ते प्रथिनच थोडे बदललेले सापडते, आणि मग हीच जोडी अपुरी पडू शकते. त्यामुळे ही नळी त्या-त्या रुग्णाच्या जिवाणूसाठी वेगळी लावावी लागते.