सीतेची वेणी ओळखावी कशी?

आंब्याच्या फांदीवर उगवलेली प्रत्येक वनस्पति बांडगूळ समजून छाटण्याची चाल कित्येक ठिकाणीं आढळते. बांडगुळाचीं मुळें फांदीच्या लांकडांत शिरून रस शोषितात. सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा) ही मात्र झाडाचें अन्न घेत नाहीं. तिचीं जाड, रुपेरी मुळें सालीस केवळ चिकटतात व भिजतांच हिरवट दिसतात. पानें लांबट, पन्हळीसारखीं, दोन रांगांत असून टोंकाशीं कातरल्यासारखीं असतात. पावसाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या, जांभळट ठिपक्यांच्या फुलांचा दाट घोंस वेणीप्रमाणें खालीं लोंबतो. हेंच ‘कपौ फूल’ आसामचें राज्यपुष्प असून बिहूच्या सणांत तेथील स्त्रिया तें केसांत माळतात. सबब बागाईतदार बंधूंनीं कोयता उचलण्यापूर्वीं मूळ पाहावें. बांडगूळ अवश्य तोडावें, वेणी राखावी.